प्रमाणपत्रांनंतरचा हिशेब

शिक्षक-प्रशिक्षण शिबिराचा समारोप बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने होतो. दुसऱ्या दिवसाची दुपार उलटून गेलेली असते. प्रमुख पाहुण्यांचे भाषण लांबलेले असते, परतीच्या एस.टी.ची वेळ जवळ आलेली असते आणि त्याच गडबडीत शिक्षकांच्या हाती एक अभिप्रायपत्रक दिले जाते. ‘शिबिर कसे वाटले?’ या प्रश्नापुढे ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’ आणि ‘साधारण’ असे तीन चौकोन असतात. शिक्षक उभ्या उभ्याच ‘उत्कृष्ट’वर खूण करतात, प्रमाणपत्र घेतात, समूहछायाचित्रात उभे राहतात आणि गावाकडे निघतात. पुढल्या आठवड्यात अहवाल तयार होतो. किती शिक्षक प्रशिक्षित झाले आणि त्यांतील किती टक्क्यांना शिबिर उत्कृष्ट वाटले, हे त्यात नमूद होते. देणगीदाराला प्रत पोहोचते, खर्चाच्या पावत्या जुळतात, लेखापरीक्षकाची सही होते आणि विषय तेथेच मिटतो.

पेढीवर बसणारा माणूस स्वतःच्या व्यवहारात असा हिशेब मान्य करणार नाही. माल ट्रकमध्ये चढला याची बिल्टी हाती असली, तरी तो गिऱ्हाइकाच्या गोदामात सुस्थितीत उतरला की नाही आणि त्याची वसुली झाली की नाही, हे पाहिल्यावाचून तो खाते बंद करीत नाही. शिक्षक-प्रशिक्षणाच्या खात्यात मात्र बिल्टीवरच समाधान मानले जाते. शिबिरात जे शिकवले गेले ते शिक्षकाच्या मनात उतरले का, त्याच्या वर्गात पोहोचले का आणि त्या वर्गातील मुलाच्या घरी काही बदलले का, हे तीन प्रश्न क्वचितच विचारले जातात. वन्यजीव-संवर्धनाच्या शिक्षणात तर ते न विचारण्याची किंमत मोठी आहे. कारण येथे चुकीचा किंवा अर्धवट पोहोचलेला धडा मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

उसाच्या फडातील शेजारी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वनविभागात मोडतात. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला आणि या मुलखाचे रूप पालटले. ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा असतो. बिबट्याला त्यात जंगलासारखाच आडोसा मिळतो, पाणी जवळ असते आणि वस्तीभोवतीची कुत्री, शेळ्या, डुकरे यांच्या रूपाने अन्नही मिळते. मादी उसातच पिल्ले घालते. तोडणीचा हंगाम सुरू झाला की फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. याच पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे, त्यांतही लहान मुले दगावली आहेत आणि गावेच्या गावे संतापाने रस्त्यावर उतरली आहेत.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा दीर्घ अभ्यास केला. मोठे जंगल नसलेल्या, दाट लोकवस्तीच्या त्या शेतीप्रदेशात दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीवरून त्यांच्या आहाराचा हिशेबही मांडण्यात आला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात सुमारे 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा 39 टक्के होता. गावाबाहेरचा उकिरडा, त्यावर पोसली जाणारी कुत्री आणि कुत्र्यांमागे येणारा बिबट्या, ही साखळी या आकड्यांतून स्पष्ट दिसते. दयाबुद्धीने घरामागे टाकलेले उरलेसुरले अन्नदेखील याच साखळीची एक कडी ठरते.

पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडावा, हा उपाय सर्वांना सुचतो. परंतु जुन्नर भागातील स्थलांतरांच्या अभ्यासात, जेथे बिबटे नेऊन सोडले त्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढल्याचे दिसले. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे 2009 मध्ये विहिरीत पडलेल्या एका वयस्क नर बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. त्याने सुमारे महिनाभरात 120 किलोमीटरची वाट तुडवून मुंबईच्या वेशीवरील जंगल गाठले. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ असे नाव दिले होते आणि 2014 मध्ये त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2011 मध्ये मानव-बिबट संघर्षाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याऐवजी लोकशिक्षण, योग्य भरपाई आणि गर्दीचे नियंत्रण यांवर त्यांत भर आहे.

याचा अर्थ असा की, या मुलखात शाळेतील शिक्षक हा संरक्षणव्यवस्थेचाच एक भाग आहे. संध्याकाळी मुलांनी एकटे न जाता गटाने जावे, हातात बॅटरी असावी आणि बोलत, गाणी म्हणत चालावे. उघड्यावर शौचाला बसू नये, जनावरे रात्री बंदिस्त गोठ्यात असावीत, बिबट्या दिसल्यास त्याचा पाठलाग करू नये आणि त्याला परत जाण्यास वाट मोकळी ठेवावी. या गोष्टी वनरक्षक घरोघरी जाऊन सांगू शकत नाही. शिक्षक मात्र रोज सांगू शकतो. म्हणूनच त्याला दिलेले प्रशिक्षण लागू पडले की नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते.

विषय शाळेत आला, पण कसा?

पर्यावरण-शिक्षणाचा विचार आता अर्धशतक जुना झाला आहे. युनेस्कोने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासह ऑक्टोबर 1977 मध्ये तिबिलिसी येथे भरवलेल्या परिषदेत या शिक्षणाची पाच उद्दिष्टे ठरली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्ये आणि सहभाग. त्याच्या आदल्या वर्षी, 1976 मध्ये, 42 व्या घटनादुरुस्तीने वनांचे आणि वन्यजीवांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणे हे भारतीय नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले होते. ॲड. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले आणि 2003 मध्ये पहिली ते बारावीसाठी त्याचा अभ्यासक्रम तयार करून घेण्याची व्यवस्था केली.

संस्थात्मक पातळीवरही काम उभे राहिले. अहमदाबादच्या साराभाई घराण्यातील कार्तिकेय साराभाई यांच्या पुढाकाराने 1984 मध्ये पर्यावरण शिक्षण केंद्र, म्हणजे सीईई, स्थापन झाले. मुंबईत 1883 पासून कार्यरत असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गोरेगावला जंगलाच्या कडेला स्वतंत्र शिक्षण केंद्र उभारले. केंद्र सरकारने 2001 मध्ये राष्ट्रीय हरित सेना सुरू केली. तिच्याद्वारे देशभरातील एक लाखाहून अधिक शाळांत पर्यावरण मंडळे निघाली आणि प्रत्येक मंडळाची जबाबदारी एका शिक्षकाकडे आली. त्यासाठी शिक्षकांना शिकवणे ओघाने आलेच.

पायरीगणिक होणारी घट

एवढ्या मोठ्या संख्येला शिकवायचे, तर एकच मार्ग व्यवहार्य ठरतो. विषयतज्ज्ञांनी थोड्या मुख्य प्रशिक्षकांना तयार करायचे, त्यांनी जिल्ह्या-तालुक्यांतील शिक्षकांना शिकवायचे आणि शिक्षकांनी मुलांना. ही उतरंड स्वस्त असते, परंतु तिच्यात घट येते. धान्याच्या व्यापारात पोत्याला पडणारी घट जशी प्रत्येक चढ-उतारात वाढते, तसेच येथे होते. प्रत्येक पायरीवर 100 पैकी 70 भाग पुढे पोहोचतो, असे केवळ हिशेबासाठी गृहीत धरले, तर पहिल्या पायरीनंतर 70, दुसऱ्यानंतर 49 आणि तिसऱ्यानंतर जेमतेम 34 भाग उरतो. शिवाय उतरंडीत पुढे जाताना वेळही आटतो. मुख्य प्रशिक्षकाला पाच दिवसांत जे शिकवले, ते शिक्षकाला दोन दिवसांत आणि शिक्षण परिषदेत तर दोन तासांत उरकले जाते.

घट नेमकी कशाची होते, हेही पाहण्याजोगे आहे. बिबट्याचे शास्त्रीय नाव, त्याचे वजन, कायद्यातील त्याची अनुसूची ही माहिती कागदावर असते, म्हणून ती शेवटपर्यंत टिकते. गळते ते अनुभवातून आलेले शिक्षण. पावलांचा ठसा कसा ओळखावा, भयभीत पालकाशी कसे बोलावे, ‘आमची शेळी गेली, आता तुमचे संवर्धन सांगू नका’ असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यापुढे कोणता सूर लावावा, हे छापील घडीपत्रिकेत मावत नाही. मुलाच्या उपयोगाचे मात्र नेमके तेच असते.

मूल्यमापनाच्या चार पातळ्या

प्रशिक्षणाची परीक्षा कशी घ्यावी, याचे एक सोपे साधन उद्योगजगतात फार पूर्वीपासून रूढ आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने 1959 मध्ये ते मांडले. बँका, विमा कंपन्या आणि कारखाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाला आजही ते लावतात. त्यात चार पातळ्या आहेत : प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम. प्रशिक्षणार्थ्याला कार्यक्रम कसा वाटला, ही पहिली पातळी. तो काय शिकला, ही दुसरी. कामावर परतल्यावर त्याने काय वेगळे केले, ही तिसरी. त्यातून मूळ हेतू किती साधला, ही चौथी.

समारोपाच्या वेळचे अभिप्रायपत्रक केवळ पहिल्या पातळीवर थांबते. भोजन, बैठकव्यवस्था, वक्त्याची विनोदबुद्धी आणि जंगलफेरीत दिसलेला मोर या सगळ्यांचा मिळून तो अभिप्राय असतो. त्याला काहीच मोल नाही असे नाही. कंटाळलेला शिक्षक शिकत नाही, हे खरेच. परंतु शिबिर आवडणे आणि शिबिर लागू पडणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुढल्या तीन पातळ्यांवरच मोजता येते.

व्याख्या नको, प्रसंग विचारा

दुसरी पातळी मोजण्यासाठी शिबिराच्या पहिल्या सकाळी आणि शेवटच्या दिवशी एकच प्रश्नपत्रिका द्यावी लागते. खरी कसोटी प्रश्न काढण्यात आहे. ‘जैवविविधता म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करून लिहिता येते. त्याऐवजी प्रसंग विचारले, तर शिक्षकाची समज उघड होते.

उसाची तोडणी चालू असताना फडात बिबट्याची दोन पिल्ले सापडली. मजुरांची मुले ती उचलून शाळेत घेऊन आली. शिक्षकाने काय करावे? पिल्लांना दूध पाजावे, छायाचित्र काढावे, असे लिहिणारा शिक्षक मनाने दयाळू असेल, पण त्याच्या उत्तराने संकट ओढवू शकते. मुलांना पिल्लांपासून दूर करावे, पिल्ले कोणी हाताळू नयेत, वनविभागाला 1926 या क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि फडाजवळ गर्दी होऊ देऊ नये, हे अपेक्षित उत्तर आहे. कारण मादी पिल्लांच्या शोधात परत येते आणि वनकर्मचारी ती पिल्ले तिच्या स्वाधीन करण्याचा प्रयत्न करतात. दुसरा प्रसंग : गावात दोन शेळ्या मारल्या गेल्या आणि बिबट्याला पकडून दूर सोडण्याची मागणी ग्रामसभेत झाली. पालकांनी शिक्षकाचे मत विचारले. तो काय सांगेल? तिसरा : पाचवीतील मुलगा संध्याकाळी सातला शिकवणीहून शेतवाटेने एकटाच परततो. वर्गात त्याविषयी कोणता उपक्रम घ्यावा?

अशा उत्तरांना गुण देताना एक पथ्य पाळावे. उत्तरपत्रिकांवर नावांऐवजी क्रमांक असावेत आणि आधीच्या व नंतरच्या पत्रिका एकत्र मिसळून तपासनीसाला द्याव्यात. कोणती कधीची हे त्याला ठाऊक नसले, म्हणजे शिबिराच्या यशाची इच्छा गुणांत उतरत नाही. आयोजकानेच स्वतःच्या शिबिराला गुण देणे म्हणजे रोखपालानेच स्वतःची रोकड तपासणे होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्ञान आणि वृत्ती या एकत्र बदलतातच असे नाही. बिबट्याविषयी प्रेम वाढले, पण सुरक्षिततेचे नियम अवगत झाले नाहीत, तर ‘बिबट्या आपला मित्र’ असे घोषवाक्य लिहिणारे मूल त्याला पाहायला उसाकडे धावेल. उलट, केवळ धोक्याचीच माहिती ठसली, तर तेच मूल मोठेपणी काठ्या घेऊन धावणाऱ्या जमावात सामील होईल, आणि कोंडीत सापडलेला बिबट्या जमावावर उलटतो. म्हणून प्रश्नपत्रिकेत माहिती, भावना आणि कृती या तिन्हींचे प्रश्न वेगवेगळे असावेत आणि त्यांचे गुणही वेगवेगळे मांडावेत. तिन्हींची सरासरी काढली, की एकातील तूट दुसऱ्यातील वाढीखाली झाकली जाते.

सहा महिन्यांनी वर्गात

तिसरी पातळी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. शिबिराला सहा महिने लोटल्यावर कोणीतरी शाळेत जावे, वर्गात मागच्या बाकावर बसावे आणि पाहावे. शिक्षकाने परिसर अभ्यासाच्या तासाला बिबट्याचा विषय घेतला का? मुलांच्या वह्यांत त्याची काही खूण आहे का? शिबिरात दिलेले तक्ते भिंतीवर आहेत की मुख्याध्यापकांच्या कपाटात गुंडाळलेले आहेत? मुलांनी आपल्या वाडीचा नकाशा काढून अंधाऱ्या वाटा, उकिरडे आणि उघडे गोठे त्यावर दाखवले आहेत का? एका भेटीला अर्धा दिवस पुरतो, परंतु तेवढ्यात जे दिसते ते शंभर अभिप्रायपत्रकांत दिसत नाही.

या भेटीचे मोल आकड्यांतही मांडता येते. कल्पना करावी की, 40 शिक्षकांच्या शिबिरावर 2 लाख रुपये खर्च झाले. अहवालाच्या हिशेबाने एका शिक्षकामागे 5,000 रुपये पडले. सहा महिन्यांनी पाहता त्यांपैकी 16 जणच विषय प्रत्यक्ष शिकवीत आहेत असे आढळले, तर खरा खर्च शिकवणाऱ्या शिक्षकामागे 12,500 रुपये झाला. आता आणखी 20,000 रुपये खर्चून मधल्या काळात एकेक भेट ठेवली, अडलेल्या शिक्षकांना मदत केली आणि शिकवणाऱ्यांची संख्या 28 झाली, तर तोच खर्च माणशी 8,000 रुपयांच्या आत येतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पण पाठपुराव्यावरचा खर्च वायफळ असतो, असे मानणाऱ्याने एकदा आपल्या शिबिराचा असा हिशेब मांडून पाहावा.

शिबिरामुळेच बदल झाला, हे ठरवण्यासाठी तुलनाही हवी. गावात बिबट्या दिसल्यानंतर वृत्तपत्रे, समाजमाध्यमे आणि वनविभागाचे फलक यांतूनही लोक शिकतात. ते श्रेय शिबिराच्या खाती जमा होता कामा नये. यावर न्याय्य आणि बिनखर्ची तोड आहे. एकाच वर्षी सर्व शाळांना प्रशिक्षण देणे बहुधा शक्य नसतेच. तेव्हा निम्म्या शाळा चिठ्ठ्या टाकून यंदा घ्याव्यात, उरलेल्या पुढील वर्षी. आणि यंदाच्या चाचण्या दोन्हीकडे घ्याव्यात. थांबलेल्या शाळांचे नुकसान होत नाही आणि तुलनेला आधार मिळतो. एक पथ्य मात्र हवे. मुलांनी एकटे फिरू नये आणि 1926 वर कळवावे, एवढी प्राथमिक सूचना सर्वच शाळांना पहिल्या दिवशी मिळाली पाहिजे. मुलांच्या सुरक्षिततेला प्रतीक्षायादी नसते.

मुलाकडून घराकडे

शाळेत शिकवलेले घरापर्यंत जाते का? गोठ्याला दार लावणारे, उकिरडा हलवणारे हात मोठ्यांचे असतात, म्हणून हा प्रश्न निर्णायक आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात लाल मकाऊ पोपटाविषयी शाळेत महिनाभराचा अभ्यासक्रम घेण्यात आला आणि मुलांना पालकांसह करायचा गृहपाठ दिला गेला. मुलांची व पालकांची चाचणी आधी, नंतर आणि पुन्हा आठ महिन्यांनी घेतली गेली. मुले शिकली आणि त्यांच्याकडून पालकही शिकले, असा निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर शाळांतील वन्यजीव मंडळांचा अभ्यास 2013 मध्ये प्रकाशित झाला. ज्या मुलांनी पाणथळ जागांविषयी मंडळात शिक्षण घेतले, त्यांच्या पालकांचे ज्ञान अधिक होते आणि घरातील पाण्याचा वापरही अधिक जपून होत होता. आपण हे मुलांकडून शिकलो, याची पालकांना स्वतःला फारशी जाणीवही नव्हती.

दुकानात बसणाऱ्या वडिलांना मोबाइलवरून पैसे स्वीकारायला मुलांनीच शिकवले, हा अनुभव अनेक घरांत ताजा आहे. तेव्हा या निष्कर्षांचे नवल वाटू नये. बोध एवढाच, की शिक्षकांना प्रशिक्षण देताना ‘पालकांसह करावयाचा गृहपाठ’ कसा द्यावा हेही शिकवले पाहिजे आणि मूल्यमापन करताना काही घरांची दारे ठोठावली पाहिजेत.

चौथ्या पातळीवर, म्हणजे परिणामांच्या बाबतीत, नम्रता हवी. एखाद्या वर्षी हल्ले घटले म्हणून शिबिराने श्रेय घेऊ नये आणि वाढले म्हणून शिबिराला दोष लावू नये. पाऊस, ऊसतोडणीचे वेळापत्रक, भटक्या कुत्र्यांची संख्या, वनविभागाची गस्त अशी अनेक कारणे त्यामागे असतात. एका गावापुरते हल्ल्यांचे आकडे इतके लहान असतात, की त्यांतील चढउतारांवरून काहीही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा आधीच्या कड्या मोजाव्यात : किती गोठे बंदिस्त झाले, किती मुले गटाने येऊ-जाऊ लागली, बिबट्या दिसल्यावर वनविभागाला किती वेळात कळवले गेले, विहिरीत बिबट्या पडला तेव्हा गर्दी किती हटली. मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती 2011 पासून वनविभाग, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून जो उपक्रम चालवला, त्यातही पोलीस, पत्रकार आणि रहिवासी यांच्याशी संवाद, कचऱ्याचा बंदोबस्त आणि गर्दीचे नियंत्रण यांवरच भर होता. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानाला दाट वस्तीने वेढले आहे, तरी तेथे माणूस आणि बिबट्या शेजारी राहत आहेत.

शिक्षकाची बाजू

मूल्यमापन म्हणजे शिक्षकाची झडती, असा समज झाला तर सारेच फसेल. सहा महिन्यांनी वर्गात विषय आढळला नाही, तर त्याची कारणे बहुधा शिक्षकाच्या इच्छेबाहेरची असतात. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झालेली असते. निवडणूक, सर्वेक्षण, माहिती भरण्याची कामे यांत त्याचे दिवस गेलेले असतात. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळताना वेळापत्रकात जागा उरत नाही. कधी मुख्याध्यापकांनी, कोणीतरी पाठवायचे म्हणून, विषयात रस नसलेल्या शिक्षकाला पाठवलेले असते. चांगले मूल्यमापन ही कारणे नोंदवते आणि त्यांतून पुढची योजना सुधारते : एका शाळेतून दोन शिक्षक बोलवावेत, म्हणजे एकाची बदली झाली तरी दुसरा उरतो, मुख्याध्यापकांसाठी अर्ध्या दिवसाचे सत्र ठेवावे, धडा परिसर अभ्यासाच्या चालू पाठाला जोडून द्यावा, म्हणजे वेगळा तास शोधावा लागत नाही.

शिक्षकाला खरे बोलता यावे, हीही आयोजकाची जबाबदारी आहे. नाव लिहून दिलेल्या अभिप्रायात तो आयोजकाला आवडेल तेच लिहितो. नावाविना घेतलेली माहिती आणि त्रयस्थाने घेतलेली मोकळी मुलाखत यांतून ‘घडीपत्रिका इंग्रजीत होती’, ‘आमच्या भागात वाघ नाही, तुम्ही दोन दिवस वाघच शिकवला’ अशी कडू पण उपयोगी वाक्ये हाती येतात.

देणगी देण्यापूर्वी

शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर व्यापारी घराण्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि प्राण्यांसाठी सढळ हाताने देणारीही हीच घरे आहेत. वन्यजीव-शिक्षणाच्या शिबिराचा प्रस्ताव घेऊन एखादी संस्था त्यांच्याकडे आली, तर छायाचित्रे पाहण्याआधी त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. शिबिरानंतर शिक्षकाने वर्गात नेमके काय करावे, असे अपेक्षित आहे? ते होत आहे की नाही, हे कोण, केव्हा आणि कसे पाहणार आहे? त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम कोठे दाखवली आहे? एकूण खर्चाचा साधारण दहावा हिस्सा पाठपुरावा आणि मूल्यमापनासाठी राखून ठेवण्याचा आग्रह देणगीदाराने धरला, तर कोणतीही प्रामाणिक संस्था त्याचे स्वागतच करील. त्याबरोबर एक अभयही द्यावे : निष्कर्ष निराशाजनक आले, तरी ते लपवू नयेत, त्यामुळे पुढील मदत थांबणार नाही. तोट्याची नोंद दडवणाऱ्या मुनीमापेक्षा ती वेळेत दाखवणारा मुनीम पेढीच्या अधिक कामाचा असतो, हे या घरांना सांगावे लागत नाही.

पुढच्या वेळी अशा शिबिराच्या समारोपाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावणे आले, तर प्रमाणपत्रे जरूर वाटावीत. नंतर आयोजकांना बाजूला घेऊन सहा महिन्यांनंतरची एक तारीख ठरवून घ्यावी आणि त्या दिवशी, हारतुऱ्यांवाचून, उसाच्या पट्ट्यातील एखाद्या शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसावे. शाळा सुटल्यावर मुले वाडीकडे एकेकटी निघतात की चार-पाच जणांचे घोळके करून, हे फाटकाशी उभे राहून पाहावे. शिबिरावर खर्च झालेल्या रुपयाचे काय झाले, ते तेथे कळेल.